पाण्यावरचा पट

सालईटोला
३० ऑक्टोबर २०२५

बोट पाठवली ते बरं केलं, पण तिच्या इंजिनाले असा मरतुकडा पंखा लावून काऊन पाठवली? काल सकाळी कामठ्याच्या उदारामची बोट आपल्या बोटीच्या बाजूनं अशी निघून गेली का योगराजचं तोंड भिजलं, अन् मी घाटावर उभी होती तर माझं लुगडंही भिजलं. उदाराम बोटीत बसून हात हलवून रायला होता, जसा निवडून आला आहे.

हेमेंद्र बाबू, आशीर्वाद. खुशाली विचारत नाही. मालवणले मासे भेटतात, म्हणजे खातच असशील.

पत्र कायले लिहिलं म्हणशील. फोनवर तू ‘हो आजी, हो आजी’ म्हणते अन् ठेवून देते. कागदावर नुसतं ‘हो आजी’ लिहून पाठवायची तुले लाज वाटेल. माझी शाळा दुसरीपर्यंतची आहे, तरी वाचता येईल असं लिहिते. नाही आलं तर डोळे तपास.

आता ऐक. धरणाच्या पल्याड ढिवरांची जाळी, मुर्रीच्या व्यापाऱ्याची गाडी अल्याड आपल्या घाटावर. मधातलं पाणी बोटीनं ओलांडायचं. जो आधी पोचते त्याले माल भेटते. म्हणून रोज सकाळी तुझा भाऊ योगराज अन् उदारामची बोट रेस लावतात, अन् जाळी तुटतात. ढिवरांच्या सोसायटीची अध्यक्ष रुख्मा आहे ना, तिनं परवा दोन्ही घरच्यांले उभं करून सांगितलं, “एका घाटावर दोन बोटी मले नको. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पट लावू, बैलांच्या शर्यतीचा लावतो तसा. जिंकेल तो मासे वाहील. हरेल त्यानं आपली बोट दुसऱ्या पाण्यावर न्यावी.”

माझी पटाची बैलजोडी विकून ही बोट घेतली, तेव्हा सारा टोला हसला होता. कोहळी जातीची बुढी, म्हणे, पुरख्यांनी तलाव बांधले अन् ही तलावात बुडाली. आता बोट घाटावरून गेली तर योगराजले नागपुरात कोणाच्या दारावर चौकीदारी करावी लागेल, अन् लोकांचं हसणं मी मरेपर्यंत ऐकावं लागेल. मी अजून पुष्कळ वर्षं मरत नाही.

तू तिथं इंजिनं दुरुस्त करते. मोठ्या लोकांच्या मासे पकडायच्या बोटी पळवते. मग घरची बोट काऊन पळत नाही? सांग.

सुशिलाबाई, तुझी आजी

*

मालवण
७ नोव्हेंबर २०२५

प्रिय आजी,

तुझं अक्षर छान वाचता आलं. आमच्या वर्कशॉपात सगळ्यांना वाचून दाखवलं. मालक म्हणाला, ह्या बाईला आपल्याकडे वसुलीला ठेवा.

पंखा मरतुकडा नाही गं. ती बोट पर्यटकांना खोल पाण्यात मासेमारीला न्यायची. चार माणसं, गळ, पाण्याच्या बाटल्या, बस्स. योगराजदादा तिच्यात माशांच्या अन् बर्फाच्या पेट्या भरतो.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला त्याची रुंदी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसरा म्हणजे पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढं सरकेल, लाकडात स्क्रू फिरवला की सरकतो तसा. दुसरा आकडा मोठा असला की वेग जास्त, पण बोट पाण्यावर उठायला उशीर. लहान असला की झटकन उठते, ओझं ओढते, पण वरचा वेग कमी. इथे पोरं रिकाम्या बोटी मोबाईलवर वेग मोजत पळवतात अन् एकमेकांना फोटो दाखवतात, माझी साठ, माझी सत्तर. त्या वेगाचा आपल्याला उपयोग नाही. आपल्याला भरलेल्या बोटीचा वेग पाहिजे.

आपल्या पंख्यावर सतरा असेल, बघून घे. शिवाय त्यांचं इंजिन एकशे पंधरा हॉर्सपॉवरचं, आपलं नव्वदचं. सरळ, रिकाम्या पाण्यावर ते पुढं जाणारच. तू फक्त मला सांग, त्यांच्या पंख्याला पाती किती अन् आकडा कोणता. अन् पट रिकाम्या बोटीचा आहे का भरलेल्या, तेही विचार. टेन्शन घेऊ नको.

तुझा
हेमेंद्र

*

सालईटोला
१७ नोव्हेंबर २०२५

माझं पत्र कारखान्यात वाचून दाखवायले तो पेपर आहे काय? पुढचं पत्र असं लिहीन का वाचता वाचता तुझीच मान खाली जाईल.

आपला पंखा पाह्यला. सतराच आहे, तीन पाती. एका पात्याची कड खाल्लेली आहे. धरणात बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत ना, त्याले घासला.

मग उदारामचा पंखा पाहाले घाटावर गेली. पाय धुवायचं निमित्त केलं. बोटीत त्याची नात होती, प्रेरणा. बोट तीच चालवते, हे तुले माहीत नसेल. हात कोपरापर्यंत तेलानं काळे. मी वाकून पाहून रायली तर म्हणते, “काय पाहता आजी?”

मी म्हणलं, “माझी बकरी हरवली.”

“बकरी पंख्याखाली नाही बसत. तीन पाती आहेत, स्टीलचा आहे, एकोणीसचा आहे. अजून काही पायजे?”

न विचारता सांगितलं! मी म्हणलं, “खोटारडी आहेस तू. पटाच्या आधी कोणी आपल्या बैलाचे दात दुसऱ्याले मोजू देते काय?” घाटावर चार-पाच जण होते, ते हसले.  पोट्टीनं पाना घेतला अन् पुन्हा कामाले लागली.

पण मी घरी येऊन विचार केला. खोटं बोलली असेल तर आकडा कमी सांगितला असेल. म्हणून तू मले एकवीसचा पाठव. अन् तीन पात्यांचा नको. बैल दोन दाती म्हणजे कच्चा, चार दाती म्हणजे जोमात. चार पात्यांचा भेटत असेल तर पाठव.

पट भरलेल्या बोटीचा का रिकाम्या, ते अजून ठरलं नाही. लोक म्हणतात पट म्हणजे रिकामाच.

एक विचारायचं रायलं. त्यांचं इंजिन एकशे पंधराचं आहे, हे मी लिहिलं नव्हतं. मले माहीतच नव्हतं. योगराजलेही नव्हतं. तुले मालवणात बसून कसं दिसलं?

आजी

*

मालवण
२६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आजी,

इंजिनाचा अंदाज केला होता. तू लिहिलंस ना, दादाचं तोंड भिजलं म्हणून. इतकं पाणी नव्वदचं इंजिन उडवत नाही.

एकवीसचा विसर. चढावर धानाची भरलेली बंडी आहे अन् बैलांना म्हटलं की धावत चढा, तर काय होईल? जागेवर थांबतील, तोंडाला फेस येईल. एकवीसचा लावला तर इंजिनाचं तेच होईल. पूर्ण रेस दिली तरी त्याचे फेरे चढणार नाहीत, अन् ते आतून मरेल. फार लहान आकडा लावला तर उलटं, इंजिन बेफाम फिरेल. प्रत्येक इंजिनाला आपले फेरे ठरलेले आहेत, पंखा त्याला जुळला पाहिजे.

पण चार पात्यांचं तू बरोबर बोललीस. कारण चुकीचं, उत्तर बरोबर. चार पाती पाणी घट्ट धरतात. वरचा वेग थोडा जातो, पण भरलेली बोट लवकर वर उठते, अन् वळणावर पंखा हवा खात नाही. तीन पात्यांचा स्टीलचा पंखा वळणावर पाणी सोडतो, मग इंजिन ओरडते अन् बोट जागेवर. पल्याडच्या काठावरून घाटाकडे येताना टेकडीच्या नाकाशी दोन वळणं आहेत ना? तिथं आपण त्यांना गाठू. शिवाय त्यांची बोट आपल्यापेक्षा जड आहे.

चार पात्यांचा, पंधराचा पाठवतो. दादाला फोनवर समजावून सांगतो कसा बसवायचा.

आता तुझं काम. पट रिकाम्या बोटीचा झाला तर आपण हरलो, कोणताही पंखा लावा. भरलेल्या बोटीचा झाला तर बरोबरी आहे. रुख्माबाईला तू पटव. तू कोणालाही पटवू शकतेस, फक्त शिव्या शेवटी दे.

हेमेंद्र

*

सालईटोला
१२ डिसेंबर २०२५

तुझा पंखा आला. चांगला जड आहे, अन् चमकते तर असा का त्यात तोंड पाहून घ्यावं. पण मले एका गोष्टीचा राग आला आहे, ते शेवटी सांगते. शिव्या शेवटी दे, तूच म्हणलं.

रविवारी रुख्माच्या अंगणात बैठक झाली. सारे म्हणून रायले, पट म्हणजे रिकामा, छकडीवर एकच माणूस, नाहीतर तो पट कशाचा. मी म्हणलं, “बैल पटात धावून काय आणते? बक्षिसाची ढाल आणते. बोट काय आणते? मासे आणते. रिकामी बोट घाटावर पहिली आली तर मुर्रीचा व्यापारी काय वेग तोलून नेईल?”

रुख्मा हसली. मग म्हणते, “सुशिलामाय, तुमची बोट लहान आहे. भरून धावली तर बुडेल.”

“बुडली तर माझी बुडेल. तुझे मासे आधीच मेलेले राहतात.”

मग तिनं ठरवलं. पल्याडच्या काठावर दोन्ही बोटींत सारख्या पेट्या भरायच्या, मासे अन् बर्फ. शिटी वाजली का निघायचं. टेकडीच्या नाकाले वळसा घालून घाटावर.

आता रागाचं. उदाराम हा माझ्या माहेरचा माणूस. आमच्या कुळातला नाही, पण लहानपणापासून पाहते त्याले. आयुष्यात एका गोष्टीले त्यानं सरळ हो म्हणलं नाही. लग्नाच्या पंगतीत भात घे म्हणलं तरी वाद घालते. तो बैठकीत म्हणाला, “भरलेली? हो, चालते.” बस्स. मी त्याच्याकडे पाहतच रायली.

परवा घाटावर गेली. प्रेरणाच्या बोटीले नवा पंखा. चार पात्यांचा. तसाच चमकते.

मी विचारलं, “कुठून आणला?”

“दुकानातून.”

“कोणत्या?”

ही पोट्टी इंजिनाचं बोलते तेव्हा डोळ्यात डोळे घालून बोलते. दुकानाचं नाव विचारलं तर पाण्याकडे पाहाले लागली.

गोंदियाच्या कोणत्या दुकानात चार पात्यांचा पंखा भेटते, बाबू? योगराज सारं मार्केट फिरून आला होता, त्याले तर बोटीचा पंखा म्हणलं तर टेबलफॅन दाखवला.

लिही. अन् यावेळी अंदाज लिहू नको.

आजी

*

मालवण
२० डिसेंबर २०२५

आजी,

मी पाठवला.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आलो होतो तेव्हा प्रेरणाशी ओळख झाली. रात्री सारे नाटक पाहत होते, अन् ती मला विचारत होती की इंजिन गरम झालं तर पाण्याची धार कुठून तपासायची. तेव्हापासून फोन सुरू आहे. एकशे पंधराचं इंजिन त्यांना मीच सुचवलं होतं, तेव्हा पटाचं नावही नव्हतं.

नोव्हेंबरात तिचा फोन आला. म्हणाली, “भरलेली बोट वळणावर ओरडते, काय करू?” आता मी काय सांगायचं होतं? माहीत नाही म्हणायचं? का वाट्टेल तो पंखा सांगायचा? इंजिनाबद्दल खोटं बोलता येत नाही मला. चुकीच्या पंख्यानं कोणाचं इंजिन मेलं, अन् ते मला ठाऊक होतं, हे जमणार नाही. तिच्या इंजिनाला सतराचा बसतो, चार पात्यांचा. तेच सांगितलं, तोच पाठवला. तुला जे सांगितलं तेही खरंच आहे.

तिनं तुझ्याशी खोटं बोलावं असं मी म्हटलं नव्हतं. नाव सांगू नको एवढंच म्हटलं होतं. अन् तुला सांगू, घाटावर तिनं पहिल्यांदा सांगितलेला आकडा खरा होता. एकोणीसच होता.

रागाव. पण दादाला सांगू नको, पटापर्यंत त्याचं लक्ष बोटीवरच राहू दे.

हेमेंद्र

*

सालईटोला
२८ डिसेंबर २०२५

घरचं खाऊन शेजारच्याचं खळं राखणाऱ्या!

वळणावर आपण त्यांले गाठू, हे तूच लिहिलं होतं. अन् तिकडे वळणाचा इलाज तूच पाठवला. दोन्ही बैलांले तूच चारा घालते अन् मले म्हणते टेन्शन घेऊ नको.

योगराजले मी काही सांगितलं नाही. तू सांगितलं म्हणून नाही. तो आधीच जेवत नाही.

पटापर्यंत तू इकडेही बोलू नको, तिकडेही बोलू नको. बोट कशी भरायची, कशी न्यायची, ते आता मी पाहते. मी बंड्या भरल्या आहेत तेव्हा तुझा बाप रांगत होता.

उत्तर लिहू नको. लिहिलं तर चुलीत घालीन.

*

मालवण
२२ जानेवारी २०२६

आजी,

चुलीत घाल, पण आधी वाच. पट होऊन आठवडा झाला. दादानं फोन उचलला, “हरलो” म्हणाला अन् ठेवला. बाबा म्हणतात, “आजीला विचार.” प्रेरणा म्हणते, “तुझ्या घरचं आहे, घरच्यांकडून ऐक.” मी काय करू? काय झालं तेवढं लिही. पंखा सैल झाला का? इंजिन बंद पडलं?

हेमेंद्र

*

सालईटोला
३० जानेवारी २०२६

पंखा सैल झाला नाही, इंजिन बंद पडलं नाही. दोन्हीले दोष देऊ नको. ऐक.

पटाच्या दिवशी घाटावर पाय ठेवाले जागा नव्हती. कामठ्याचे लोक ट्रॅक्टरनं आले. एक भज्यांचं दुकान, दोन चहाची, अन् एक फुगेवाला. मी पल्याडच्या काठावर गेली, कारण बोट मले भरायची होती.

पेट्या मोजून सारख्या दिल्या रुख्मानं. मी योगराजले म्हणलं, साऱ्या पुढं लाव, नाकाकडे. तुले तर माहीतच आहे, बंडीत वजन मागं गेलं का बंडी उलार होते. जू वर उठते, बैलाच्या गळ्याले फास बसते, बैल ओढेल काय अन् धावेल काय. बंडी भरायची तर वजन पुढं, दाबून. तिथं जमलेले सारे म्हातारे म्हणाले, बुढी बरोबर बोलून रायली. एकानं तर स्वतः दोन पेट्या पुढं सरकवून दिल्या.

बाजूच्या बोटीतून प्रेरणा ओरडली, “आजी, पेट्या मागं घ्या! नाक पाण्यात घुसेल!”

मी म्हणलं, “तू आपली बोट सांभाळ. पटाच्या वेळी शत्रूचा सल्ला घेतला तर माझी सात पिढ्यांची अक्कल वाया गेली.”

योगराज माझ्याकडे पाहे, तिच्याकडे पाहे. मग हळूच एका पेटीले हात लावला. मी म्हणलं, “हात लावशील तर याद राख.”

शिटी वाजली.

तिची बोट नाक वर करून उठली अन् पाण्यावर बसली, जशी बदकीण. आपली बोट नाक खाली घालून चालली, जशी म्हैस गवताले. इंजिन मागं ओरडे, अन् पुढून पाणी उकलून दोन्ही बाजूले भिंती उभ्या. जेवढी रेस द्यावी तेवढं नाक खाली. टेकडीच्या वळणावर बोट डावीकडे न जाता सरळच निघाली. पाणी आत आलं. एक पेटी उपडी झाली, रोहू योगराजच्या पायात अन् बर्फ त्याच्या पायजाम्यात. काठावरचे लोक आधी ओरडले, मग हसले. कामठ्यावाले जास्त.

तोवर प्रेरणा घाटावर पोचली होती, मले योगराजनं मागून सांगितलं. जिंकली. पण उतरली नाही. बोट फिरवली, आपल्या बोटीजवळ आली, दोर फेकला अन् ओढून घाटावर आणलं. योगराजले म्हणते, “दादा, आधी पाणी काढा, मग रडा.”

मी ढिवरांच्या नावेनं घाटावर परत आली. उदाराम हसला असता तर बरं झालं असतं. माझ्याजवळ चार वाक्यं तयार होती. तो हसला नाही. त्यानं माझ्यासाठी चहा पाठवला. अद्रक घातलेला. मी पिऊन घेतला, थंड कायले करायचा.

बोट आता घरी आहे, गोठ्यात, बैलांच्या जागी. योगराज सकाळी उठून तिच्याकडे पाहते अन् पुन्हा झोपते. टोल्यात आता भरलेल्या बंडीले कोणी बंडी म्हणत नाही, ‘सुशिलाबाईची बोट’ म्हणतात.

आता तू सांग. वजन पुढं घातलं तर बोट बुडते काऊन? खरं सांग. मी ऐकते.

आजी

*

मालवण
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय आजी,

चूक माझी पण आहे. पंखा सांगितला, पेट्या कुठं ठेवायच्या ते सांगितलं नाही. इथे समुद्रावर कोणी विचारतच नाही, सगळ्यांना जन्मापासून ठाऊक असते.

बंडीला बैल पुढून ओढतो. बोटीला इंजिन मागून ढकलते. वेगात बोटीचं नाक पाण्याबाहेर पाहिजे, मागच्या थोड्याशा भागावर ती धावते. अन् चार पात्यांचा पंखा बोटीची शेपटीसुद्धा थोडी उचलतो. म्हणजे पंख्यानं मागून उचललं, तू पुढून दाबलं. त्या बोटीनं बिचारीनं काय करायचं? तरी वळणापर्यंत आली, हे दादाचं कौशल्य.

आता दुसरं. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू म्हणशील कागदावर लिहायला लाज वाटते का. नाही वाटत. मला प्रेरणाशी लग्न करायचं आहे. मी तिला विचारलं. ती म्हणाली, “तुझ्या आजीनं मला चारचौघांत खोटारडी म्हटलं, मी खरं बोलले होते तरी. ते तिनंच मिटवलं पाहिजे, तू नाही. तोवर मला हो-नाही विचारू नको.”

तिसरं, ते तुला घाटावर कळलंच असेल. परवा तिचा पंखा बुडालेल्या खुंटावर गेला. दोन पाती वाकली. जुना एकोणीसचा तिनं आधीच विकून टाकला होता. तिच्या मापाचा आमच्याकडे नाही, कोचीहून यायला दिवस लागतील.

मी तुला काही मागत नाही. फक्त कळवलं.

हेमेंद्र

*

सालईटोला
१६ फेब्रुवारी २०२६

प्रेरणा,

धरणाच्या काठावर मासे सडून रायले अन् वास माझ्या स्वयंपाकघरात येते. भाजीत मीठ किती पडलं ते कळत नाही. अध्यक्ष रुख्मा म्हणते, जिंकली ती बोट पंख्यावाचून उभी आहे, अन् हरली ती मी पाण्यात घालू देत नाही, शब्द म्हणजे शब्द. तिचंही बरोबर आहे. पण वास मले येते.

हे पत्र योगराजच्या हातून पाठवते. त्याच्याजवळ पोत्यात पंखा आहे, आमचा, चार पात्यांचा. तुझ्या इंजिनाले बसते, हेमेंद्रले विचारून घेतलं. पण तो पंधराचा आहे, तुझ्या इंजिनाले लहान पडेल. पूर्ण रेस देऊ नको, इंजिन बेफाम फिरेल. तुले हे माहीतच असेल. मले आत्ता आत्ता माहीत झालं, म्हणून सांगून घेते.

आता रुख्माच्या शब्दाचं. एका घाटावर एकच बोट. बरं, एकच. बोट तुमची, पंखा आमचा. म्हणून सकाळची फेरी तू करायची अन् संध्याकाळची योगराजनं. तो पेट्या मागं ठेवते आता, मले दाखवून ठेवते. रुख्माले मी विचारलं, ती म्हणाली, “बोट एकच राहिली तर हात कोणाचेही राहोत.” तुझा नवा पंखा आला का आमचा परत देशील. फेरी परत मागू नको.

उदारामले सांग, यात वाद घालाले काही नाही. तो घालेलच. घालू दे, तोवर तू पंखा बसवून घे.

दुसरी गोष्ट. मी तुले खोटारडी म्हणली. तू एकोणीस सांगितलं होतं, एकोणीसच होता. पेट्या मागं घ्या म्हणली होती, मागंच घ्यायच्या होत्या. दोनदा खरं बोलली अन् दोनदा मी ऐकलं नाही. पहिल्यांदा लोकांसमोर म्हणली होती, म्हणून उद्या सकाळी घाटावर लोकांसमोरच सांगीन. रुख्माले अन् चहावाल्याले बोलावून ठेवलं आहे, म्हणजे दुपारपर्यंत कामठ्यालेही कळेल. एकदाच सांगीन. तेव्हा इंजिन बंद ठेव, मग म्हणू नको ऐकू आलं नाही.

हे मी लग्नासाठी करून रायली असं समजू नको. तुमचं लग्न झालं नाही तरी तू खरीच बोलली होती.

आता त्या पोट्ट्याचं. हेमेंद्र इंजिनाविषयी खोटं बोलत नाही, बाकी साऱ्याविषयी बोलते. ‘अंदाज केला’ म्हणते तेव्हा समजायचं, लपवून रायला. स्वयंपाक येते त्याले, पण भांडी घासत नाही. समुद्र सोडून इकडे येईन म्हणते, ते मी पाहीन तेव्हा मानीन. तू तिकडे जाशील तर इथली बोट कोण चालवेल, हेही विचार करून ठेव, कारण योगराज वळणावर अजून डोळे मिटते. मी हेमेंद्रची शिफारस करत नाही. तू पंखा पारखते, माणूसही पारखता येईल.

हो म्हण का नाही म्हण, दोन्हीले माझी ना नाही. पण उत्तर उदारामच्या अक्षरात आलं तर फाडून टाकीन. तुझ्या बापाचं नको, तुझ्या मायचं नको, अन् मालवणवाल्यानं तर एक ओळही लिहायची नाही, त्याले मी वेगळं कळवलं आहे. तू लिही. माझ्या नावानं लिही.

सुशिलाबाई